उरलेल्या सुडाचा पंथ

तमाम सज्जनांना, आणि विशेषतः दुर्जनांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की यंदाच्या दिवाळीत, मार्कहॅममधल्या एका शाळेच्या सभागृहात, मराठी मंडळाच्या समस्त सभासदांसमोर आणि चकली-चिवड्याच्या साक्षीने, मी सूड घ्यायला उभी राहिले. हातात ओकच्या लाकडाची तलवार होती, अंगावर घोळदार काळा जपानी पोशाख होता, आणि केसांना आदल्याच दिवशी रंग लावला होता. सूड घ्यायला जाताना बाईनं नीटनेटकं असावं.

त्या सुडाला एक वास होता. मिल्टनमधल्या एका चर्चच्या तळघराचा. ओलसर कार्पेट, तळाशी उरलेली कॉफी, हीटरवर वाळत घातलेले लोकरीचे हातमोजे, आणि या सगळ्यांवर तरंगणारा, लाकडी तलवारींना चोळलेल्या तेलाचा मंद, किंचित गोडसर गंध. कितीतरी हिवाळे मी शनिवारच्या सकाळी त्या गंधात उतरले आहे. छताजवळच्या अरुंद खिडक्यांतून बर्फावरून परतलेला निळसर उजेड आत यायचा आणि त्या उजेडात ओकुमुरा सर उभे असायचे. तरुणपणी जपानहून इथे कॅनडात आलेले, हायस्कूलात भूमिती शिकवून निवृत्त झालेले, ठेंगणे, चष्मा सतत नाकाच्या टोकावर. त्यांना जपानी रिवाजाप्रमाणे 'सेन्सेई' म्हणायला हवं होतं, पण आम्हा मराठी मंडळींच्या तोंडून 'सर'च निघायचं, आणि त्यालाही ते 'ओ' द्यायचे.

सरावाआधी आमच्या या तलवारबाजीच्या पंथातल्या गुरूंची नावं म्हणायची असत, मूळ पुरुषापासून थेट सरांपर्यंत, प्रत्येक नावाला वाकून. श्राद्धाला बसलेले माझे वडील पिता, पितामह, प्रपितामह म्हणत पिंड ठेवताना मी पाहिलेले. त्यामुळे मला त्यात काही परकं वाटलं नाही. मधलं एखादं नाव गाळलं तर तो पूर्वज ताटावरून उपाशी उठतो, अशी लहानपणची माझी समजूत होती. ती अजून गेलेली नाही.

मूळ पुरुषाची कथा सर फार रंगून सांगत. एका मत्सरी सरदारानं त्याच्या गुरूला दगा देऊन मारलं. शिष्यानं शपथ घेतली, नाव बदललं, डोंगरातल्या एका देवळात पाणक्या होऊन राहिला आणि कावडीच्या दांड्यानं वर्षानुवर्षं एकच वार घोटत बसला. अखेर एका वसंतात, झाडं फुलांनी पांढरी झाली असताना, तो खाली उतरला, तर सरदार नुकताच तापानं मेलेला. आता एवढा घासूनपुसून लखलखीत केलेला सूड हातात, आणि घ्यायला गिऱ्हाईकच नाही! करणार काय? त्यानं शाळा काढली. "सो, वी आर ऑल लेफ्टओव्हर्स," असं म्हणून सर खांदे हलवत हसायचे. मला हा पंथ आवडला तो याच कारणासाठी. नागपूरच्या आमच्या घरात भांडणं तिसऱ्या पिढीपर्यंत जपून ठेवायची पद्धत आहे.

प्रफुल्ल सरंजामे माझ्या मागाहून त्या तळघरात आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, हुशार, बोलका. पायाचा अंगठा कुठे टेकायचा इथपासून सरांनी त्याला घडवलं. गेल्या फेब्रुवारीत सर गेले. उन्हाळ्यात प्रफुल्ल कंपनीच्या कामासाठी जपानला गेला, पंथाच्या तिथल्या प्रमुखांबरोबर फोटो काढून परतला, आणि मॅपलची पानं लाल व्हायच्या सुमारास त्यानं मार्कहॅममध्ये स्वतःचा वर्ग उघडला. उद्घाटनाचा व्हिडिओ मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तेव्हा मी पोळ्या करत होते. समई, नमस्कार, मूळ पुरुषापासून एकेक नाव, जपानच्या प्रमुखांचं नाव, आणि त्यानंतर, कुठेही न अडखळता, "प्रफुल्ल सरंजामे." आमच्या सरांचं नाव नव्हतंच.

"अगं, पोळी जळतेय!" नवरा ओरडला.

"जळू दे," मी म्हटलं. "पुढचा नंबर प्रफुल्लचा आहे."

आणि काय देवाची करणी, त्याच आठवड्यात त्याचाच फोन. "ताई, दिवाळीच्या कार्यक्रमात डेमो करतोय. पार्टनर म्हणून तुम्हीच हव्यात. माझी नवी मुलं अजून तलवार झाडूसारखी धरतात हो." मग जरा थांबून, हसू दाबत, "आता तुम्ही सिनियर, म्हणजे हरायचं तुम्हालाच. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" मी इतक्या मधाळ आवाजात म्हणाले, की नवरा जिन्यावरून घाबरून खाली बघायला आला.

तर, आमच्या पंथात हरण्याचं काम वडीलधाऱ्याचं. जोडीच्या प्रत्येक प्रकारात मोठा वार करतो, धाकटा तो चुकवतो आणि जिंकतो. पण अगदी शेवटी, धाकटा आत शिरतो तेव्हा, त्याचं मनगट क्षणभर उघडं पडतं. मोठ्याला ते दिसतं. मोठ्यानं ते पाहायचं आणि सोडून द्यायचं. सरांनी माझं मनगट किती सकाळी असं सोडून दिलं असेल, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. प्रफुल्लचं मनगट मात्र मी सोडणार नव्हते. लाकडी तलवारीचा एकच सणसणीत फटका, भर सभेत, आणि वर काळजीनं, "अरे, लागलं का रे?" आरशासमोर हे वाक्य मी बरेच दिवस घोटलं.

सुडाला साक्षीदार हवा. सरांची मुलगी केइको विनिपेगहून वडिलांचं घर आवरायला आली होती. तिला मी आग्रहानं बोलावलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

सभागृहात उटण्याचा आणि तळणाचा वास कोंदला होता. प्रफुल्लनं माइकवर नावं म्हटली, पुन्हा तशीच, सरांना वगळून. केइको सारा वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. माझ्या मुठीत ओक तापला. मागून कोणी मावशी म्हणाल्या, "अगोबाई, खरंच मारतात की काय?" मी मनात म्हटलं, थांबा मावशी.

मी वार केला. त्यानं चुकवला. पुन्हा केला, पुन्हा चुकवला. मग तो शेवटचा आत शिरला, मनगट उघडं पडलं, माझी तलवार वर होती, आणि नेमकं तेव्हा त्याचं डावं पाऊल आलं. सरळ आलंच नाही ते. बाहेरून अर्धवर्तुळ काढत, टाच जरा फरफटत, झोपलेल्या मांजराला वळसा घालावा तसं आलं. ते सरांचं गुप्त पाऊल. सरांनी ते कधी समजावलं नाही. विचारलं की गुडघा चोळत, ओशाळल्यासारखे हसून विषय बदलायचे, आणि म्हणून आम्ही सगळ्यांनी ते अधिकच भक्तिभावानं उचललं होतं. जपानच्या प्रमुखांचे व्हिडिओ मी पाहिले आहेत, त्यांचं पाऊल बाणासारखं सरळ येतं. हे वळणारं पाऊल साऱ्या जगात एकाच तळघरात शिकायला मिळत होतं. प्रफुल्लच्या काळ्या पोशाखाखालून, साऱ्या मंडळासमोर, सर चालत माझ्याकडे येत होते.

मनगट माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेलं. सोडलं म्हणावं, की राहून गेलं म्हणावं, ते मला आजही ठरवता येत नाही. त्याच्या तलवारीचं टोक माझ्या गळ्याशी थांबलं. मी रीतसर हरले. ज्याच्या तोंडानं नाव गाळलं त्याच्याच पायानं ते म्हटलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. टाळ्या अजून पडायच्या होत्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली आणि केइको ताडकन उभी राहून, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ओ माय गॉड, दॅट्स माय डॅड्स बॅड नी!"