कांदाचाळीतला वास

आज चाळीचं दार उघडलं आणि सडक्या कांद्याचा भपकारा नाकात शिरला. तशी ती दुपार आठवली.

धाकटा भाऊ सुनील व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच घरी आला होता. सुप्याला कारखान्यात असताना त्याला खोकल्याच्या औषधाची नशा लागली होती. त्या औषधाचा गोडसर वास घरात सगळ्यांनाच ओळखू यायचा. जेवण झाल्यावर तो न सांगता चाळीत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. पावलांचा आवाज नको म्हणून मी चपला काढून आत गेलो.

तो उकिडवा बसून एकेक कांदा नाकाशी नेत होता आणि सडका निघाला की पाटीत टाकत होता. चाळ राखायची तर हे करावंच लागतं. एक सडका राहिला की शेजारचेही नासतात.

मागे न बघताच तो म्हणाला, "दादा, वास घ्यायला आलास न्हवं? घे." त्यानं दोन्ही तळवे पुढे केले.

मी हुंगले. नुसता सडका कांदा. लपवायला याहून चांगला वास कुठला, असंच तेव्हा वाटलं. संध्याकाळी मी ती पाटी उकिरड्यावर उपडी करून पाहिली. सगळे कांदेच होते.

त्यानंतर सुनीलनं बाटलीला कधी हात लावला नाही. त्याची पोरं आता शाळेत जातात. आज मी आत शिरलो तेव्हा तो तिथंच कांदे निवडत होता. माझी चाहूल लागली तसे त्यानं मुकाट्यानं तळवे पुढे केले.

"राहू दे रे," असं म्हणायचं होतं. पण माझी मान आधीच त्या तळव्यांकडे वाकली होती.