एका ओळीची दुरुस्ती
तापलेल्या यूपीएसचा वास आला की मी शिकले तो औंढ्याचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. तिथल्या लिनक्स सर्व्हरवर सगळ्या सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम घेतलेली मेमरी परतच करत नसे, म्हणून रोज दुपारी सर्व्हर अडकायचा आणि सर तो बंद करून पुन्हा चालू करायचे. चार दिवस त्या प्रोग्रामचा सी भाषेतला कोड वाचून मी एका ओळीत ती मेमरीची गळती थांबवली. आठवडाभर सर्व्हर अडकला नाही. तरी "पोरीच्या कोडावर भरोसा न्हाई," म्हणत सरांनी जुनाच प्रोग्राम परत टाकला. ऐन परीक्षेत सर्व्हर अडकला, तेव्हा सर सगळ्यांसमोर मलाच म्हणाले, "काहून हात लावला गं? इंग्रजी शाळेची लई हुशारी!" तो राग अजून गेलेला नाही. आज असाच एक प्रोग्राम मी सांभाळते; त्यात कुणीही दुरुस्ती सुचवून पाठवू शकतं. कुणाची दुरुस्ती आली की आधी कोड वाचते, मग नाव.