पोळ्यातली माझी तिचाकी

तुमी चहा पाजून राहिले म्हणून सांगतो, नाहीतर ही फजिती म्या आमच्या जावयालेही कधी सांगितली नाही. चूक माझीच, शंभर टक्के माझी. पण एक आधीच सांगून ठेवतो, गाडीत खोट नव्हती. गाडी म्या केली होती ना!

सन साठच्या आगंमागंची गोष्ट. मी अकोल्याच्या एका जिनिंगमधी, म्हंजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. घर मात्र पातूरच्या रस्त्यावरच्या खेड्यात, तिथं आमचा भाजीपाल्याचा मळा. जिनिंग चालते दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात फिटरले काम काय? त्या रिकाम्या दिवसांत म्या माझ्या हातानं तीन चाकांची गाडी बांधली. पुढं एक चाक, मागं दोन. इंजिन लढाईच्या भंगारातल्या मोटरसायकलचं, चाकं एका मोडक्या जीपची, बसायले आमच्या घरचा पाट. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायले जिनिंगमधला जुना कॅनव्हासचा पट्टा, दोन पुल्यांवर चढवलेला. हे डोकं कोणाचं? माझं.

पहिल्यांदा चालवली तं वळणावर एक चाक हवेत. मंग म्या मागचा आस हातभर रुंद केला. इंजिन तापून राहिलं, तं पत्र्याचा भोंगा लावून त्याच्यावर हवा घेतली. वांग्याची आठ पोती घेऊन चढावर चढायची हो माझी गाडी. बाळापूरहून एक लोहार खास पाहाले आला. तासभर गाडीखाली निजून राहिला आणि उठल्यावर मले हात जोडले. खोटं सांगत नाही.

आता भानगड कुठून सुरू झाली ते ऐका. आमच्या घरी दोन वर्षांपासून बैल नव्हता. जोडीतला एक फऱ्या रोगानं गेला, दुसरा म्हातारपणानं. पोळ्याच्या दिवशी मैदानात सारे बैल तोरणाखाली उभे करतात, ते तोरण तुटलं का बैल घरोघरी येतात. दारात बाया त्यायचे पाय धुतात, कुंकू लावतात, पुरणपोळी चारतात. दोन पोळे माझी बायको शेवंता ताट घेऊन उभी राहिली ती लोकायच्या बैलांसाठी.  पण ताट आत नेताना तिचं तोंड म्या पाह्यलं होतं, आणि मले लय वाईट वाटलं होतं.

म्हणून म्या तिले सांगितलं, यंदा आपल्या दारात आपलं जनावर येईल. कोणतं, म्हणे. म्या गाडीकडं बोट दाखवलं. तिनं गाडीकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं, आणि कणीक मळाले निघून गेली.

गाडी पोळ्यात आणाची परवानगी गावच्या पाटलांनी दिली. शेतीचंच ओझं वाहते ना, मंग येऊ दे, म्हणाले. आडवा आला तो माझा थोरला भाऊ, किसनभाऊ. त्याच्याकडं गावातली एक नंबरची जोडी. पेट्रोल पिणाऱ्याले पोळा कायले पाह्यजे, असं तो पारावर बसून साऱ्यायले सांगत राहिला. झालं! शेवंताचं ताट एकीकडं आणि माझी इज्जत दुसरीकडं, दोन्ही त्या गाडीवर बसले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा दुखते, म्हणून त्याले कोमट तूप आणि हळद चोळायची. आता मी पडलो रीतीचा माणूस. गाडी एवढ्या मानानं पोळ्यात नेऊन राहिलो, तं खांदशेकणी नको? पण गाडीचा खांदा कोणता? ज्याच्यावर ओझं येते तो. ओझं कोणावर येते? पट्ट्यावर!

घरचं तूप घेतलं. पळसाच्या पानानं पट्टा आतून चोळला, बाहेरून चोळला, दोन्ही पुल्या चोळल्या. मंग भोंग्यापाशी तोंड नेऊन बैलाले सांगतात तसं सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आणि स्वतःवरच खूश होऊन निजलो.

तुमच्यातले दोघं आतापासूनच हसून राहिले. हसा. जिनिंगमधी पट्ट्याले कोणाचं तेलाचं बोट लागलं तं मी अख्खं जिनिंग डोक्यावर घ्यायचो. पण त्या संध्याकाळी मी फिटर होतोच कुठं? मी बैलवाला होतो.

दुसऱ्या दिवशी गाडीले झूल घातली, घुंगरमाळ बांधली. झुलीवर चिखल उडू नये म्हणून चार गड्यायनं ढकलत मैदानात नेली. बैलांच्या रांगेत शेवटी माझी तिचाकी. वाजंत्री सुरू झाली, तोरण तुटलं, जोड्या एकेक करून पुढं गेल्या. माझी पाळी आली. किक मारली, आणि पहिल्या किकले इंजिन चालू. म्या किसनभाऊकडं पाहून मिशीवर हात फिरवला. गिअर टाकला.

इंजिन गरजून राहिलं आणि गाडी जागच्या जागी.

मंग काय विचारता! क्लचची तार पाह्यली, बरोबर. मागचं चाक उचलून फिरवलं, लोण्यासारखं फिरलं. कार्बोरेटर खोलला. प्लगही काढला. चालत्या इंजिनाचा प्लग कायले काढला? अहो, सारं गाव पाहून राहिलं होतं, काहीतरी खोलणं भाग होतं. पट्ट्याकडं मात्र लक्ष गेलं नाही. त्याची तं आदल्या दिवशीच सेवा केली होती ना.

शेवटी किसनभाऊ आला. आयुष्यात त्यानं कधी नट फिरवला नव्हता. पुलीवर बोट फिरवलं, नाकापाशी नेलं, मंग चाटलं.

"तूप हाये," तो म्हणाला.

"हाये," म्या म्हटलं.

"घरचं?"

"घरचं."

"चांगलं हाये." एवढं बोलून त्यानं बोट धोतराले पुसलं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला, तुपानं पट्टा पुलीवर नुसता घसरून राहिला होता, पण उशीर झाला होता. राख चोळली, माती चोळली. रातभर तूप प्यायलेला कॅनव्हास कायले ऐकते? त्याले सोड्याचं गरम पाणी आणि दोन दिवसांचं ऊन पाह्यजे होतं. इकडं दिवस बुडायले आला, सारे बैल घरोघरी चालले, आणि तिकडं शेवंता दारात उभी. तिसरा पोळाही तिचा असाच जाणार का काय, या विचारानं मले रडू फुटायचंच बाकी राहिलं.

म्या किसनभाऊले हात जोडले. घरापर्यंत तुझी जोडी लाव, म्हटलं.

"आज पोळा हाये," तो म्हणाला. "आज बैलाच्या मानेवर जू नाही ठेवत."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. खरंच होतं ते. गावात कोणीच ठेवलं नसतं, म्याही नसतं ठेवलं.

मंग राहिलं कोण? म्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या चिमट्याले दोर बांधला, खांद्यावर घेतला आणि ओढली. तोरणाखालून नेली. वाजंत्रीवाले थांबले होते, ते पुन्हा वाजवायले लागले. दोन्ही बाजूनं लोक पोट धरून हसून राहिले होते. पण शपथेवर सांगतो, गाडी काय हलकी चालत होती! बेअरिंगच असे बसवले होते म्या. दुसऱ्या कोणाची गाडी असती तं दहा पावलांत माझा दम गेला असता.

दारात आलो. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावरून घाम, खांद्यावर दोर. गल्लीतल्या साऱ्या बाया जमलेल्या. शेवंतानं दोराकडं पाह्यलं, झुलीकडं पाह्यलं.  तांब्या घेतला आणि माझे पाय धुतले. कपाळाले कुंकू लावलं. ओवाळलं. ताटातली पुरणपोळी उचलून माझ्या तोंडात घातली, आणि मी चावून राहिलो.

मंग बायांकडं वळून म्हणते कशी, "दोन वर्षांनी माझ्या दारात घरचा बैल आला, बाई. आता याले जोडीदार पाह्यला पाह्यजे."