काठोकाठ भरलेले पेले

आमच्या वृद्धाश्रमातल्या मावशींना मी कधी कुणावर डाफरताना पाहिलेलं नाही. ती कसर मी भरून काढते. मी इथली मुख्य नर्स. राग माझ्या नाकावरच असतो, आणि तो तिथं नसता तर एकाही म्हाताऱ्याचं औषधपाणी वेळेवर झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मावशींचा जन्म दुसऱ्यांना भरवण्यात गेला. आई लवकर गेली म्हणून आधी धाकटी भावंडं, मग स्वतःची मुलं, मग अंथरुणाला खिळलेली सासू. आता तेच काम त्या पगारावर करतात, एवढाच फरक. समोर कुणाचा हात थरथरला की यांचा हात पुढे झालाच म्हणून समजा.

बाई आमच्याकडे आल्या त्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर. जन्मभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे सगळ्यांच्याच त्या बाई. उजवा हात लुळा पडला होता, तो व्यायामानं बराचसा ताळ्यावर आला. त्यांची एकुलती एक लेक दिवसभर दुकान सांभाळते, घरी दुसरं कुणी नाही. आई आपल्या हातानं जेवायला लागली की त्याच दिवशी घरी नेते, असं तिनं सांगून ठेवलं होतं. बाईंचा सगळा जीव त्या घराकडे लागलेला.

पण चमच्याशी काही जमेना. त्याच हातानं बाई कंगवा धरायच्या, दाराची कडी काढायच्या. चमचा तेवढा गळून पडायचा. डॉक्टरही चक्रावले. एका दुपारी मी जेवणघरात डोकावले आणि कोडं सुटलं. मावशी बाईंना सावकाश भरवत होत्या आणि बाईंचा उजवा हात मांडीवर निवांत पडला होता. माझी चाहूल लागताच मावशींनी चमचा बाईंच्या मुठीत कोंबला. म्हणजे हे रोजचंच होतं.

मी मावशींना बाहेर नेऊन चांगलं फैलावर घेतलं. अति तिथं माती, म्हटलं. तुमच्या मायेपायी बाई जन्मभर इथंच राहतील. मावशी रडायला लागल्या.

"सिस्टर, सांडलं की त्यांची मान खाली जाते. मला नाही बघवत."

मग हात आवरा, म्हटलं आणि मी औषधांच्या फेरीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी बाईंसमोर बसल्या त्या दोन्ही हातांत पाण्यानं काठोकाठ भरलेले पेले घेऊन. हात पुढे केला की पाणी सांडणार, म्हणजे आपोआप लगाम. बाईंच्या हनुवटीवरून दही ओघळलं तशा मावशी चुळबुळल्या आणि टेबलावर तळं साचलं. बाई ते बघत राहिल्या.

"तुझं तर माझ्याहून जास्त सांडतंय गं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यानंतर दही सांडलं तरी त्यांची मान खाली गेली नाही. आम्ही मावशींचं नाव पाणपोई ठेवलं.

महिन्याभरानं लेक बघायला आली. ती बघतेय म्हटल्यावर बाईंचा हात जास्तच कापायला लागला आणि पहिलाच चमचा मांडीवर उपडा झाला. लेक चमचा घ्यायला वाकली. मावशींनी आपले दोन्ही पेले तिच्या हातांत दिले.

"हे धरा, ताई. सांडू नका."

लेक पेले सांभाळत बसून राहिली. बाईंनी वाटी संपवली. वेळ लागला, साडीवरही बरंच पडलं, पण संपवली. लेकीला रडू आवरेना, आणि आता कबूल करायला हरकत नाही, मलाही.

निघायच्या दिवशी बाईंच्या पिशव्या मावशींनी उचलल्या होत्या, दोन्ही हातांत दोन-दोन. जेवणघरापाशी बाई थांबल्या आणि त्यांनी माझ्याकडे वाटीभर दही मागितलं. मला वाटलं, वाटेसाठी असेल. त्यांनी चमचा भरला, कापत कापत वर उचलला आणि मावशींच्या तोंडासमोर धरला.

"आ कर."

निम्मं दही मावशींच्या एप्रनवर सांडलं. मी पुसायला पुढे झाले, तर मावशींनी मानेनंच नको म्हटलं. तशाच त्या बाईंना गाडीपर्यंत सोडून आल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी तो एप्रन बदलला नाही.