नवसागराचा डबा

आमच्या घरी कल्हई लावायचं काम. आष्ट्याहून आजूबाजूच्या गावांत जायचं, झाडाखाली भट्टी मांडायची. मी भाता हलवायची, आमचे मालक भांडं फिरवायचे. तापलेल्या पितळेवर नवसागराची पांढरी पूड टाकली की डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. मग कथील फिरवलं की भांडं आतून चांदीसारखं होतं. हल्लीच्या पोरींना हे ठाऊक नसतं.

तिकडं लांब उत्तरेत अतिरेक्यांनी माणसं मारली. टीव्हीवर चार दिवस तेच होतं. आमची शेजारीण रोज संध्याकाळी माझ्या दारात निवडण घेऊन बसायची. ती आली नाही. तिचा लेक फौजेत आहे. मीही गेले नाही.

पाचव्या दिवशी मालक सांगलीला नवसागर आणायला गेले. परतीच्या एसटीत पिशवी फाटून सीटखाली पूड सांडली. पुढच्या सीटवरच्या बाईने वाकून पाहिलं, तर मालक तिच्या भल्यासाठी म्हणाले, "हात नका लावू बाई, डोळं जळतील." त्यांची दाढी, डोक्यावरची टोपी, आणि त्यात हे बोलणं. कंडक्टरने गाडी सरळ पोलीस ठाण्यासमोर घ्यायला लावली.

ठाण्यातून फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा माझं नावसुद्धा आईनेच सांगितलं होतं. साहेबांपुढे मी काय बोलणार? म्हणून मी कल्हई गेलेलं एक पातेलं घेतलं, कथलाची कांडी, कापूस, सांडशी, थोडे कोळसे आणि लहान भाता पिशवीत भरला आणि एसटी धरली.

ठाण्याच्या दारात शिपायाने पिशवी उपसली. "मावशी, संसार घेऊनच आलीस व्हय?" म्हणाला. बाकीचे हसले. मालक आत बाकावर बसले होते. कुणी टोपी काढायला लावली होती की त्यांनीच काढली होती, ते मी कधी विचारलं नाही. मी पातेलं साहेबांच्या टेबलावर ठेवलं. तेवढंच मला जमलं.

साहेबांनी पातेल्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि आवारात करून दाखवा म्हणाले. मी विस्तव फुलवला. फाटक्या पिशवीत उरलेली पूड पडली, भस्सकन धूर उठला आणि सगळे मागे सरकले. एकाचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. मालक कापूस फिरवत राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा कथील एका बाजूला जाड बसलं.

साहेबांनी पातेल्यात वाकून पाहिलं. "माझी आई असंच करून घ्यायची," म्हणाले. मग सोडताना हळू बोलले, "चाचा, डब्यात ठेवत जा, वर लिहा काय आहे ते. आज इथं मी होतो."

घरी आल्यावर मी झाकणाचा डबा घेतला, त्यावर पांढरा कागद चिकटवला. चौथीत माझं अक्षर चांगलं होतं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, भांड्यांच्या कल्हईचा नवसागर. खाली लिहिलं, आष्टा.

मालकांना वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी ते डबा उचलून निघाले आणि उंबऱ्यात थांबले.

"काय लिवलंयस?"

मी वाचून दाखवलं.

"आणि माझं नाव?"

"जागा न्हाई उरली," मी म्हणाले.

त्यांनी डबा उजेडाकडे वळवला. आष्ट्याच्या खाली अर्धा कागद कोरा होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, डबा पिशवीत ठेवला, आणि स्टँडकडे न जाता पायवाटेने कामाच्या गावाला चालत गेले. तेव्हापासून ते एसटीत बसले नाहीत. मीही तो कागद बदलला नाही.