झांजेचा अर्धा सेकंद

घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या मारुतीच्या देवळात शनिवारी संध्याकाळी भजन होई. बसण्याचा नियम साधा होता. हातात वाद्य असेल तो पुढे, हात रिकामा असेल तो मागे. वडील गिरणीत होते तेव्हापासून बुवांच्या डाव्या हाताला झांज घेऊन बसत. पुढे, ऐंशीच्या दशकात, त्यांची बोटे आखडली. एखादा ठोका जमे, तासभर जमत नसे. मागे बसणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी देवळात जाणेच सोडले. शनिवारी मृदंग सुरू झाला की ते उठून खिडकी लावून घेत.

मी अंधेरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करीत असे. वडिलांचा एक ठोका स्वतः जुळवलेल्या यंत्राच्या स्मृतीत साठवायचा आणि तो बटणाने वाजवायचा, असे मी ठरवले. यंत्र आवाज अखंड साठवीत नाही. ठरावीक अंतराने त्याची मापे घेते. मी सेकंदाला आठ हजार मापे ठेवली. स्वतः अभंग म्हणून पाहिला, तो स्वच्छ उमटला. अभंग उमटला म्हणजे झांजही उमटेल, असे मी धरून चाललो.

वडिलांनी एक ठोका दिला. मी तो परत वाजवला. त्यात एक खालच्या पट्टीतली शीळ मिसळली होती.

"ही माझी झांज नाय," वडील म्हणाले. "शिट्टी कोणी मारल्यान?"

उत्तर डोक्यावरच फिरत होते. ट्यूबलाइटखाली पंखा वेग घेऊ लागला की क्षणभर तो उलटा, सावकाश फिरताना भासतो. दिव्याची उघडझाप त्याच्या वेगाला पुरत नाही. आवाजाचेही तेच. आठ हजार मापांत चार हजार कंपनांपर्यंतचाच स्वर खरा उमटतो. गळ्याला तेवढे पुरते. झांजेतला सात हजारांचा स्वर मात्र एक हजारांचा वेष घेऊन खाली उतरला होता.

मी माइक आणि यंत्र यांच्यामध्ये गाळणी बसवली. वरचे स्वर आत येणेच बंद झाले. शीळ गेली, चमकही गेली.

"आता टोपाचा झाकान वाजता," वडील म्हणाले. पण ते हसले होते. पुष्कळ दिवसांनी.

मग मी मापे चौपट केली आणि गाळणीही त्या मानाने वर नेली. झांज झांजेसारखी वाजली. अडचण निराळीच आली. स्मृती तेवढीच असल्यामुळे जिथे दोन सेकंद मावत होते तिथे आता अर्धाच मावला. ठोक्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मध्येच तुटत होती. मी ते वडिलांना सांगितले.

"गजरात आस कोण ऐकता? तवसर दुसरो ठोको येता."

"आणि संथ चालीत?"

"थंय मी गप रवतलंय."

दाराच्या घंटेचे बटण मी लाकडी फळीखाली बसवले, म्हणजे नुसता तळहात टेकवला तरी चालावे. जुन्या रेडिओचा स्पीकर जोडला. शनिवारी वडील धुतलेला सदरा घालून देवळात आले आणि बुवांच्या डाव्या हाताला बसले. बुवा त्यांच्याच गावचे. त्यांनी फळीकडे आणि तिच्याखालच्या घंटेच्या बटणाकडे पाहिले.

"काय रे, बेल मारतस ती मारतस, दार कोण उघडतलो?"

"देव उघडतलो. तू गा."

सगळे देऊळ हसले. बुवांनी अभंग धरला. संथ चालीत वडील बोलल्याप्रमाणे गप्प राहिले. गजर उसळला आणि त्यांचा तळहात फळीवर पडू लागला. लय त्यांची होती. यंत्राकडे होता तो एक ठोका, तोही त्यांचाच. मृदंगवाल्याने त्यांच्याकडे पाहून मान हलवली आणि वेग वाढवला. वडिलांनी तो सोडला नाही.

माझे हात रिकामे होते. नियमाप्रमाणे मी मागच्या रांगेत बसलो होतो. तिथूनही झांज स्वच्छ ऐकू येत होती.