स्लिपशिवाय बातमी नाही

बातमीसुद्धा स्लिपवर सही घेतल्याशिवाय द्यायची नाही, असं मानणारा या जगात एकच माणूस असेल, आणि तो एकोणीस वर्षं सिल्वासाजवळच्या आमच्या अथालच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. कंपनी धाग्याची. मी तिच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी, रजा आणि रजेची कारणं हे माझं खातं. स्टोअरवाले काका साक्री तालुक्यातले. काकू गावी शेती बघायच्या आणि हे इथे जवळच किलवणीला एक खोली घेऊन राहायचे. कानावर पेन्सिल, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, आणि जुना माल दाखवल्याशिवाय नवा द्यायचा नाही हे व्रत. एकदा खुद्द मॅनेजर भिंतीवरच्या घड्याळासाठी सेल मागायला गेले. "जुना सेल?" काकांनी विचारलं. "फेकला हो." "मग घड्याळ बंद राहू द्या, साहेब." दोन दिवस राहिलं.

बातम्यांचा नाद त्यांना पार्सलांनी लावला. जळगाव-धुळ्याकडून येणारे सुटे भाग जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले असत. काका तो कागद तळहाताने सारखा करायचे, तालुका बघायचे आणि त्या तालुक्याच्या कामगाराला निरोप पाठवायचे, "तुझ्याकडचा पेपर आलाय, सही करून घेऊन जा." बातमी महिनाभर शिळी असायची, तेलाचा डागही असायचा, पण सिल्वासाच्या स्टॉलवर आमच्या खानदेशाचं पान मिळत नाही. त्यामुळे दोंडाईच्याचा माणूस तो डाग पडलेला कागद पुन्हा पुन्हा वाचायचा. मग पार्सलं फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये यायला लागली. लोकांना ते फुगे फोडायची मजा. काका मात्र आठवडाभर घरचं कोणी गेल्यासारखे बसून होते.

आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते मोबाइलवर व्हिडिओ बघून एक विद्या शिकले. माझ्यासमोर स्लिपच्या पाठीवर तीन चौकोन काढून म्हणाले, "ताई, यात लिहायचं-बिहायचं काही नाही. पहिला डबा पेपरच्या फीडचा. तिकडे बातमी टाकली की इकडे आपोआप यादीत येते. दुसरा डबा चाळणीचा, त्यात गावाचं नाव. तिसऱ्या डब्यात आपलं क्लाउडवरचं फोल्डर. डब्याला डबा जोडला की गाडी सुटली." "आणि कोड?" मी ऐकीव ज्ञान पाजळलं. "कोड बेअरिंगला असतो. इथे लागत नाही."

गाडी सुटली ती थेट मेट्रोवर. आमचा पंडित ऑपरेटर शिरपूरकडच्या एका पिंपरीचा. काकांनी चाळणीत नुसतं 'पिंपरी' टाकलं. दुसऱ्या दिवशी पंडितच्या फोल्डरात पुण्याशेजारच्या पिंपरीच्या बातम्यांचा ढीग! उड्डाणपूल, कारखाने, मेट्रो. पंडित कँटीनमध्ये चहा पाजत सुटला, "आमच्या गावाला मेट्रो येतेय भाऊ, जमिनीला भाव येणार!" त्या दिवसापासून काकांनी चाळणीत तालुकाही घातला. पंडित पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

फोल्डरांनाही त्यांनी रॅक आणि कप्पे दिले होते. शिंदखेडा म्हणजे रॅक सात, कप्पा तीन. इतकंच नाही, प्रत्येक कप्प्याला किमान साठा! पंधरा दिवसांत एखाद्या गावची बातमी आली नाही की काका त्या कामगाराला गाठायचे. "तुझ्या गावात काही घडत नाही का रे? रॅक रिकामा पडलाय." तो बिचारा ओशाळायचा, जणू गावाच्या वतीने त्यानेच काहीतरी करायला हवं होतं.

मला या सगळ्यात एकच उपयोग दिसला. शहाद्याकडच्या मोहनने गावाहून फोन केला, "मॅडम, पूल वाहून गेला, चार दिवस रजा वाढवा." मी काकांकडून त्याचा कप्पा उघडून घेतला. त्यात पाण्याच्या टँकरची मागणी होती. मी मोहनला कळवलं की पूल वाहायला आधी नदीला पाणी लागतं. परत आल्यावर तो स्टोअरच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, "काका, तुम्ही आमचे की टाइम ऑफिसचे?" हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पुढे मी कितीदा मागितलं तरी एकच उत्तर, "माल ज्याच्या नावचा, त्यालाच इश्यू."

माझ्या नावाने एक कप्पा त्यांनी उघडलाच होता. मी म्हटलं होतं, मला नको, चोपड्याकडे माझे वडील, आप्पा, एकटे असतात, रोज संध्याकाळी आमचं बोलणं होतं. काका म्हणाले, "ताई, फोनवर माणूस 'बरं आहे' म्हणतो. पेपर म्हणत नाही." पिच्छा सुटावा म्हणून मी गावाचं नाव सांगितलं. त्यात सप्ताह, बैलांचा बाजार, सरपंचाचा सत्कार असलं काहीबाही यायचं आणि मी न वाचता सही करायचे.

एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत काका टाइम ऑफिसात आले. स्टोअरला कुलूप न लावता. मी डबा बाजूला सारला. "ताई, स्लिप नंतर करू. आधी वाचा." रविवारच्या वादळात आमच्या गावच्या चौदा घरांचे पत्रे उडाले होते. एक वृद्ध जखमी, डोक्याला नऊ टाके. पुढे आप्पांचं पूर्ण नाव.

आणि रविवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही संध्याकाळी आप्पा मला म्हणाले होते, "सम्दं बेस शे. तू नको कायजी करू." मागे भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं होतं, शेजारी लग्न असेल. तो दवाखान्याचा वॉर्ड होता.

मी फोन लावला. आधी चूक कबूल करायची सोडून तेच चिडले. "तुले कोनी सांगं?" "पेपरात आलंय, आप्पा." "पेपरवाल्यासले दुसरा धंदा नही का?"

मी रजेचा अर्ज स्वतःच लिहिला आणि स्वतःच मंजूर केला. गेटवर काका उभे होते, हातात स्टोअरची नवी ताडपत्री. मॅनेजरच्या सहीशिवाय त्यांनी काही दिल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. स्लिप मात्र होती. 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं होतं: आप्पांचं छप्पर. परत करण्याच्या बोलीवर.

वापी, सुरत, अमळनेर करत पोचले तेव्हा आप्पांची पट्टी ओली होती आणि आत पू. साखरेचा आजार आहे हे त्यांनी दवाखान्यात सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं. मी रडत बसणारी बाई नाही. पण परत आल्यावर काकांचे आभार मानायला स्टोअरच्या खिडकीशी गेले आणि आभाराऐवजी ताडपत्रीच पुढे केली. काकांनी परतीचा माल नियमाप्रमाणे तपासला. ताडपत्री उलगडून तिची भोकं मोजली, तीन लिहिली आणि म्हणाले, "कसे आहेत आता?"

आप्पा तेव्हापासून माझ्याकडे सिल्वासाला आहेत. पाणी बेचव, भाजी गोड, अशा तक्रारी करत गावचा कप्पा रोज वाचतात. मी सहीसाठी स्लिप पुढे करते, ते अंगठा दाखवतात.

यंदा काका निवृत्त झाले. जाताना बातम्यांचा रीतसर चार्ज मला दिला: सगळ्या कप्प्यांची यादी, पासवर्ड, पेन्सिलीचा उरलेला तुकडा. यादीत सगळे तालुके होते, त्यांचं गाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "स्टोअरकीपर स्वतःच्या नावाने माल काढत नाही, ताई."

ते गावी गेल्यावर पहिल्या रविवारी मी फोन केला. "काका, कसं काय?"

"सगळं बरं आहे, ताई. तुम्ही काळजी करू नका."

हुबेहूब आप्पांचा सूर. सोमवारी कामावर गेल्यागेल्या मी स्लिप फाडली. माल: बातमी. गाव, तालुका साक्री. मागणाऱ्याच्या जागी माझी सही. मग डब्याला डबा जोडला आणि 'किमान साठा' या रकान्यात शून्य लिहिलं.

रोज हजेरी घेण्याआधी मी तो कप्पा उघडते. तीन महिने झाले, रिकामा आहे. बंद करते आणि कामाला लागते.